पोचा

सीटची दांडी तीन दिवस हलली नाही.
तेल पाजलं, शेकलं, शिव्या दिल्या
बास्कमधूनच, कारण लोखंड इथलंच, एयबारचं.
चौथ्या दिवशी कुरकुरत निघाली,
मागोमाग ओंजळभर गंज.

बेनात म्हणाला होता, काकाची आहे,
नव्यासारखी करा.

निळा खरवडला, खाली पिवळा.
पिवळ्याखाली हिरवा, कच्च्या वाटाण्याचा.
आणि सांध्यावर, रंगाने बुजलेलं,
कानशीने कोरलेलं तीन पाकळ्यांचं छिद्र.
डावी पाकळी जरा वाकडी.
सोमवार असावा.

आडव्या नळीला पोचा आहे.
पडताना हँडल गरकन फिरलं
की तिथेच बसतो.
मी टिचकी मारते,
मडकं घेताना वाजवून बघावं तशी:
खणखणीत.
पोच्यापाशी तेवढा सूर उतरतो.

भरून टाका, बेनात म्हणतो, दिसायला नको.

शनिवारी काकू आली, गार्बिन्ये,
वय एक्याऐंशी, हातात पावाची पिशवी.
सांगाडा टांगलेला, बिनरंगाचा, बिनचाकांचा.
तिने न बघता अंगठा नेला
आणि नेमका पोच्यात ठेवला.

"कुत्रं माझं होतं," ती म्हणाली.
"उतारावर आडवं गेलं.
तीन आठवडे त्याचा हात गळ्यात,
सूप मीच नेऊन द्यायची.
आधी त्याचं नावही ठाऊक नव्हतं."

बेनात बाहेर फोनवर बोलत होता.
मी बिल काढलं,
पोचा भरण्याची ओळ खोडली,
आणि तिला विचारलं,
वाटाण्याचा म्हणजे नेमका कसा हिरवा?

"सोलल्यावरचा," ती म्हणाली. "शेंगेचा नव्हे."