निरंक

मृगाच्या आधी दर साली मी दुधनेत उतरायचो
कळकाची काठी घेऊन.
काठीवर विळ्यानं पाडलेल्या खाचा, एक खाच म्हणजे एक वीत.
तिसऱ्या खांबाच्या पायाखाली ती आडवी सारायची,
जाईल तेवढी.

पहिल्या साली एक खाच गेली.
मग दोन. पुढं तीन वर्षं कुणी विचारलंच नाही,
मी आपला सारत राहिलो.
रात्री नदीतून बिनदिव्याचे ट्रॅक्टर निघायचे.
सकाळी वाळू नेलेली जागा
दात पडलेल्या हिरडीसारखी.

रजिस्टरात रकाना होता: पायाखालची धूप.
साहेब विचारायचे, "रखमाजी, पूल हालतो का?"
"नाही हालत."
"मग लिही, निरंक."
मी लिहायचो. अक्षर माझं चांगलं.

ज्या साली आठच्या आठ खाचा आत गेल्या
आणि मागोमाग खांद्यापर्यंत हात,
आत गार हवा होती. एक बेडूक होता.
त्या साली पण निरंकच.

हस्तात पाणी आलं.
ओसरल्यावर डांबरात केसाएवढी चीर;
दुपारी तिच्यात पायताणाचं टोक बसायला लागलं.
मी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, वर लाल दस्ती,
आणि जिंतूरची गाडी हात करून थांबवली.
मुंतजीब ड्रायव्हरनं आधी शिव्या दिल्या.
मग उतरला, चीर पाहिली, वाकून खाली पाहिलं,
इंजिन बंद केलं
आणि मला बिडी दिली.
चाळीस माणसं बोचकी घेऊन आली तशी माघारी चालत गेली.
दिवेलागणीला खांब बसला.
आवाज फार झाला नाही. कुत्री भुंकली.

साडेतीन वर्षं नळ्यांवरून वळणरस्ता,
धुरळ्यानं तुरी पांढऱ्या.
मग यंत्रं आली. गिरमिट फिरलं:
काळी माती, गाळ, मुरूम, परत गाळ,
बासष्ट फुटांवर दगड.

गुट्टे मॅडम वयानं मपल्या नातीएवढ्या.
पेन्शनीतून मला बोलावून घेतलं, म्हणल्या,
"काका, नदीनं आधी कुठं खाल्लं?"
चौतीस वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं.
मी बोट दाखवलं. बोट थरथरलं,
वयामुळं असंल.

नवा पूल उंच आहे, गाडीतून नदी दिसत नाही.
काठी दारात रोवलीय, दोडक्याला.
वेल चौथ्या खाचेला गेलाय.
काल सवयीनं मोजलं,
आणि लिहायला काही नव्हतं.