उणे ऐंशी

खोली क्रमांक अकरा. फ्रीझर उणे ऐंशीवर.
दार उघडलं की पांढरी वाफ पायांवर उतरते
आणि देपालपूरकडच्या चारशे बारा बायका
नळ्यांतून उभ्या दिसतात,
नावाऐवजी आकडे घेऊन.

वीज गेली की मी आधी इकडे धावते.
घरचं दूध नासलं तरी चालेल.
एकदा मध्यरात्री इन्व्हर्टरनेही मान टाकली,
तेव्हा गेंदालालने छावणीतल्या आइस्क्रीमवाल्याला उठवून
कोरडा बर्फ आणला स्कूटरवर,
पोतं पायांपाशी. पोटऱ्या भाजल्या त्याच्या, थंडीने.
हे कुठल्याच अहवालात नाही.

पंधरा वर्षं आम्ही खोकी भरली.
थर्माकोल, लेबलं, कागद तीन प्रतींत, विमानतळ.
प्रश्न तिकडून यायचा, रक्त इकडून जायचं,
उत्तर छापून यायचं दोन वर्षांनी
अशा मासिकात, ज्याची वर्गणी
इंदुरात आमच्या ग्रंथालयाला परवडत नसे.
शेवटी बारीक टायपात आभार:
श्रीमती एच. नाफाडे, इंडोर.
मी नाफडे. तो काना त्यांच्याकडचा.

गेल्या फाल्गुनात पहिल्यांदाच
सुई न घेता गेले, नुसती वही.
रामकन्याबाई ओट्यावर लसूण निवडत होती.
"बेन, लोई तो लई ग्या पाँच बखत,
खबर कंई नी दी."
मी गप्प.
तिने सुपातली सालपटं फुंकली
आणि तिच्या बोलीत जे विचारलं ते असं:
चक्कर मला बारा महिने येत नाही,
लसणाच्या दिवसांतच येते. का?

वहीत लिहिलं: का.
खाली तारीख घातली.
मागची पानं चाळली तर
सगळीकडे नुसतं किती, किती, किती.

आता तौसीफ आकडे इथेच मांडतो,
जुन्या संगणकावर, पंखा लावला की पडदा थरथरतो.
चुकतो. पुसतो. पुन्हा मांडतो.
वंदना डावर लसणाची धूळ
कापसावर टिपून आणते गावोगावची;
नर्सची पक्की नोकरी सोडली
म्हणून घरी तिच्याशी अबोला आहे.
उत्तर अजून आलेलं नाही.
येईलच असंही नाही.

अनुदानाच्या अर्जात एक रकाना होता:
संस्थेची क्षमता.
फ्रीझर एक, मी सांगत गेले. इन्व्हर्टर दोन.
माणसं साडेतीन, तौसीफ अर्धवेळ आहे.
वंदनाने टाइप केलं, छापून हातात दिलं,
तेव्हा दिसलं की त गळलाय.
संस्थेची क्षमा, असं झालं होतं.

दुरुस्त केलं. अर्ज पाठवला.
चुकलेलं पान फाडायला हात होईना,
घडी घालून पर्समध्ये ठेवलंय.
सोमवारी देपालपूरला जायचं आहे.
रामकन्याबाईला वाचता येत नाही,
मलाच वाचून दाखवावं लागेल.