पूल ठेवून कापायचं

तुर्भ्याच्या एमआयडीसीत
आम्ही दाढीचं क्रीम बनवायचो,
अर्ध्या जगाच्या हनुवट्यांसाठी.
निदान कॉम्रेड उतेकर तसं म्हणायचे.

मी डिस्पॅचला कारकून.
खोक्यांवरची नावं हसुराम तांडेलच्या हातची.
जस्ताचा पत्रा, छिन्नी, काळा रंग,
आणि ज्यातलं एक अक्षरही वाचता येत नाही
अशी लिपी.
चौरंगासारखं दिसतं ते 'द'.
सहा पायांची चिंबोरी म्हणजे 'झ', व्होरोनेझची.
ओळख पटली की तो हसायचा.

मला शिकवलं होतं त्यानं:
गोल अक्षराच्या पोटाला दोन पूल ठेवायचे.
घाईत पूल कापलेस
की पोट गलून परतं,
मंग खोक्यावर निस्ता काला डाग.

नव्याण्णव टक्के माल वेळेत जायचा.
मग पोलंडचं एक पत्र आलं, माल थांबवा.
हंगेरीचं तर पत्रही नाही.
नोव्हेंबरात बर्लिनची माणसं भिंतीवर चढून नाचली,
मी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलं, वाशीला,
सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या,
आणि खरं सांगतो, मनात होती
गोदामातली एकशे चाळीस खोकी.
नाताळात रुमानिया.
रुमानियाचा पत्रा हसुरामनं
आदल्याच आठवड्यात कापलेला. रंगसुद्धा लागला नव्हता.

उरला एकच मोठा देश.
तो राहील, उतेकर म्हणाले.
टायरच्या दुकानावरच्या त्यांच्या ऑफिसात
चकचकीत कागदाची मासिकं यायची,
पोरं त्यांची वह्यांना कव्हरं घालायची,
गहू, धरण, हसणारी बाई.
एक महिना मासिक आलं नाही.
पोस्टाचा घोळ असेल, म्हणाले.

मग न्हावा-शेवाहून तीन कंटेनर परत आले.
पैसे रुपयात ठरलेले,
ज्याच्याशी ठरले तो आता पंधरा जणांत वाटला गेलेला.
पंधरातला कोण देणार
हे मालकाला ठाऊक नव्हतं. टेलेक्स गप्प.

सत्तावीस डिसेंबरला उतेकर केबिनमध्ये आले.
काखेत पेपर, घडी न मोडलेला.
मालक म्हणाला, बसा ना उतेकर.
पंधरा वर्षांत पहिल्यांदा खुर्ची पुढे केली.
ते उभेच राहिले.
म्हणाले, नोव्हेंबरच्या ओव्हरटाइमचं बोला.

पुढच्या दिवाळीला बोनस म्हणून
माणशी दोनशे ट्यूबा.
चौऱ्याण्णव सालापर्यंत तुर्भे गावातले बाप्ये
मॉस्कोच्या फेसानं दाढी करत होते.
उतेकरांनी त्यांच्या वाटणीच्या वॉचमनला दिल्या
आणि दाढी राखायला सुरुवात केली.
पांढरी आली, बरीचशी.

भंगारवाला आला त्या दिवशी
मी हसुरामला विचारलं होतं, वाईट वाटतं का रे,
एवढे देश, एवढी वर्षं, एका पोत्यात.
तो पत्रे मोजत होता.
"माजी भाताची शेती व्हती, तीन खंडीची.
तिचा झाला पलाट, डी चवदा.
ही कंपनी तिच्यावरच उबी हाय.
तवा कंच्या पेपरान आलता?
तू मना देशांचा काय सांगतस?"
मग एक पत्रा त्यानं बाजूला काढला,
पिशवीत घातला. मी रजिस्टरात लिहिलं नाही.

परवा त्याच्या नातीचा साखरपुडा होता.
तो गेल्याला सहा वर्षं झाली.
जेवून हात धुवायला मागच्या मोरीवर गेलो
तर निचऱ्याच्या तोंडाला जाळी म्हणून
सिमेंटमध्ये बसवलेला तोच पत्रा.
तीन अक्षरं. पूर्व जर्मनी.
मधला चौरंग, शेवटचं पोटवालं अक्षर,
दोघांचे पूल शाबूत.
फटींत भाताची शितं अडकलेली,
पाणी तुंबत होतं.

चप्पल काढली,
पायाच्या अंगठ्यानं शितं सरकवली.
गेलं पाणी.