गोड्या पाण्यात

मढच्या किनाऱ्यावर, ओहोटी जिथे थर्माकोल आणि एकेकट्या चपला सोडून जाते
तिथे ते पडलं होतं, हातभर, काळपट,
एका अंगानं किड्यांनी चाळण केलेलं.
नखानं दाबलं. वर भुसभुशीत.
खाली नख थांबलं.
तेवढ्यावर ते खांद्यावर घेऊन वर्सोव्याच्या तरीत चढलो.
तिकीटवाला म्हणाला, याचं अर्धं लागेल.

आधी ब्रश. मग फटींतली वाळू, दाभणानं, कण कण.
एक राहिला तरी पटाशीची धार जाते.
कुर्ल्याला चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातलं,
तरी हे मला धार गेल्यावरच कळलं.

मग पिंप.
पाणी आमच्याकडे पहाटे पाच वीस ते सहा.
आधी माणसांचं भरायचं, उरलं तर लाकडाचं.
पहिला आठवडा रोज बदललं, पुढे दिवसाआड.
शालन काही बोलली नाही.
काढलेल्या पाण्यानं जिना पुसत राहिली.
"कढीपत्त्याला घालू नका, मरेल," एवढंच.

मीठ गेलं का ते जीभ लावून बघायचो.
शेजारच्या गौरांगनं पाहिलं,
तोही चाटून गेला : "काका, वेफर्स!"
एकविसाव्या दिवशी दोघांनाही काही लागलं नाही.

फुटक्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. सात ठिकाणी चिकटलं.
सात खिळे, गंजून पेन्सिलीच्या टोकाएवढे उरलेले.
टोकांना मेण लावलं, कारण लाकूड टोकांनी श्वास सोडतं,
आणि एकदम सोडला की तडकतं.

पुढच्या खेपेला लाडकूबाई वलांडीवर बोंबील घालत होत्या.
"उनान टाक, दोन दिसान सुकल."
म्हटलं, बोंबील नाही ना हा.
त्या हसल्या नाहीत.
"खिलं कवरं निंगालं?"
सात.
"ते लोखंडाचं. तांब्याचं?"

चुंबकाला तांबं कळत नाही.

घरी येऊन दिव्याखाली धरलं.
दोन हिरवट डाग.
इतके दिवस शेवाळ समजून खरवडत होतो.
एक खिळा निघाला, चौकोनी,
कुणीतरी हातानं ठोकलेला, जरा तिरका.
दुसरा खोल आहे.

आता ते पलंगाखाली, सावलीत.
दर रविवारी रद्दीवाल्याच्या काट्यावर नेतो, वहीत लिहितो.
मार्गशीर्ष, दोन किलो तीनशे.
माघ, दोन नव्वद.
चैत्र, एक नऊशे साठ.
आषाढात परत दोन किलो दहा.
या शहरात लाकूड पुरतं सुकत नाही,
हवेशी कुठेतरी जमवून घेतं.

देवजीभाई काटा धरून विचारतात,
एवढं जपताय, बनणार काय?
वाडगा, म्हणतो मी.
कधी म्हणतो, झाकणाची डबी.
तो दुसरा खिळा कुठे लागतो,
त्यावर आहे.