तिसरं पातं

मोलगीच्या बाजारात रुमाल्यानं
पोत्यावर बारा पाती मांडलीत,
जुन्या जीपच्या पाट्यातून ठोकून काढलेली.

जात्र्यामामा अंगठ्याच्या नखावर धार टेकवतो.
घसरली की बाजूला.
उरली तीन.

बाजारामागे केळीचा खुंट, वीस पावलं.
रुंद पातं देखणं, पण वाऱ्यात माशासारखं वळतं.
अरुंद सरळ जातं. मामा मान हलवतो:
जखम कोती, जनावर रात्रभर कण्हतं,
मग आपल्याला झोप कुठली.

तिसरं गेलं आरपार.
ते त्यानं मुद्दाम दगडावर सोडलं.
टोक वाकलं, तुटलं नाही.
रुमाल्यानं ऐरणीवर दोन घाव घातले.

पैसे मात्र मामानं तिन्हींचे मोजले.
मी म्हटलं, शिकार राहिलीय कुठे आता?
पिशवीत मीठ, विड्या, वर पातं.
"मक्यात डुकरं येतात,
ती काय तुला विचारून?"