अकरा मिलीमीटर

जुन्या बाजारात, रविवारी,
शिलाई मशिनी आणि मुक्या घड्याळांच्या मध्ये ती उभी होती.
बशीरभाई म्हणाला, फॉरेनचं घड्याळ आहे साहेब,
काटे तेवढे गेलेत.
मी काटे शोधले नाहीत. काच पुसून खिळे पाहिले,
पितळेचे, दाढीच्या खुंटांसारखे दाट.
बाराशेला दिली. छर्रे वेगळे, वजनावर.
खिशातला गेज लावला: अकरा मिलीमीटर, बरोब्बर.

नागोयात तीन महिने ट्रेनिंग झालं होतं माझं.
दिवसभर मोरीता-सान अक्षर बोलायचे नाहीत,
मायक्रॉनवर नाक ठेवून बसायचे.
संध्याकाळी स्टेशनमागच्या त्या दारातून आत गेलं
की एवढा आवाज, जणू साऱ्या गावाची भांडी
एकदम जिन्यावरून खाली येतायत,
आणि त्या आवाजात त्यांचा चेहरा पहिल्यांदा स्वस्थ.
गुलाबी, जांभळा, पुन्हा गुलाबी.
लक्ष्मी रोडची दहा दिवसांची रोषणाई
एका माणसाच्या नाकापासून वीतभर.

बुधवार पेठेतून ट्रान्सफॉर्मर आणला.
धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर, कपाटाशेजारी
बटण दाबलं
आणि भिंतीवरची पालसुद्धा जांभळी झाली.
आतून एक बाई किनऱ्या आवाजात काहीतरी बोलली.
"काय म्हणतेय?" शैलजाने विचारलं.
"अभिनंदन म्हणतेय."
"कशाबद्दल?"
ते मलाही ठाऊक नव्हतं.

शैलजाला घरात पत्ते चालत नाहीत.
सापशिडीसुद्धा मुलगी शेजारी जाऊन खेळली.
तिचा भाऊ दिगंबर, स्वारगेटच्या लॉटरीच्या दुकानात
दर पंधरा मिनिटांनी एक आकडा बघत,
आधी नऱ्ह्याचा प्लॉट, मग बायकोच्या पाटल्या, मग स्वतः,
असा क्रमाने गेला.
"यात पैसे कुठून पडतात?"
म्हटलं, पडत नाहीत. छर्रे पडतात. परत आत टाकायचे.
"एवढंच?"
एवढंच.
ती काही बोलली नाही. वाटलं, सुटलो.

आठवड्याने रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर
आवाज बंद करून, अंधारात, स्टुलावर शैलजा.
उजवा हात मुठीवर. चेहरा गुलाबी, जांभळा.
लग्नातही तिच्यावर एवढा उजेड पडला नव्हता.
छर्रा खिळ्यांतून अडखळत उतरायचा,
तोंडाशी यायचा,
आणि केसभर शेजारून जायचा.
"थोडक्यात हुकलं," ती म्हणाली.
मला नाही. त्याला.

नागोयात, दुकान उघडण्याआधी,
एक म्हातारा यायचा छोटी हातोडी घेऊन.
टक्. एक खिळा डावीकडे.
किती? दिसू नये एवढा.
कपाळावर लिहायला सटवाई येते, असं आई सांगायची.
तिच्या हातात हातोडी असते, हे सांगायचं राहिलं.

मला टॉलरन्स कळतो. भोसरीत बावीस वर्षं तेच केलं.
ती बँकेत गेली असताना काच उघडली.
टक्. टक्. तोंडाशी दोन खिळे, अर्धा अंश.
न मागता तिला दिलेलं
दुसरं काही मला आठवत नाही.

त्या रात्री पूर आला.
तिने आवाज मोठा केला, ती बाई अभिनंदन करता करता थकेना,
तसराळं भरलं, परात भरली, छर्रे कॉटखाली,
शैलजा हसत, दोन्ही हातांनी उपसत.
दुसऱ्या रात्रीही भरलं.
तिसऱ्या रात्री तिने मूठ सोडून दिली.

सकाळी, चहा ठेवताना, पाठमोरी:
"तू हात लावलास ना?"
मी गप्प.
"पहिल्यासारखं कर."
गॅस बारीक केला, मोठा केला.
"दिगूला कधी कधी लागायचं रे.
त्या दिवशी श्रीखंड आणायचा सगळ्यांना.
स्वतः जेवायचा नाही."

खिळे दोनच. अर्धा अंश.
किती रविवार काच उघडून बसलो आहे, गेज लावून,
आणि पहिलं म्हणजे नेमकं किती,
ते सापडत नाही.