पुढील माहिती नाही

लडलोच्या जुन्या शाळेत, घंटेच्या जिन्याखाली
मला एक खोली दिली आहे.
एक हीटर, एक खिडकी,
आणि सोळाशे त्र्याहत्तरपासूनची मुलं.

मुलं म्हणजे नोंदी.
जन्म अमुक, अमक्याचा मुलगा, दाखल झाला, शाळा सोडली,
मग एखादं बेट, एखादा ताप,
पूर्णविराम.
बाप सगळे हजर आहेत: कातडी कमावणारा, पाद्री,
घोड्यांचा डॉक्टर, हातमोजे शिवणारा.
आई एकदाच सापडली, 'विधवेचा मुलगा' अशी,
तीसुद्धा फी माफ केली म्हणून.

हे सगळं संगणकात भरायचं. दिवसाला चाळीस मुलं.
ज्यांचं पुढे काय झालं ते कळलंच नाही
त्यांच्यापुढे जुना कारकून लिहून गेलाय
पुढील माहिती नाही.
अक्षर तिरकं, शाई तपकिरी,
आणि 'नाही'वर पेन जरा जास्त टेकलेलं.
अशी मुलं आली की मी हळू टाइप करते.
चाळीस होत नाहीत मग.

रविवारी फोनवर अण्णा विचारतात,
गेलेल्यांची हजेरी घ्यायला पगार देतात तुला?
अण्णांची जन्मतारीख एक जून.
त्यांच्या वर्गात एकोणीस जणांची एक जून.
गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून
डाव्या कानाला लावायला सांगितला.
बोटं पोचली. म्हणजे सहा वर्षांचा. लिहा.
त्या तारखेवर अण्णांची नोकरी झाली, निवृत्ती झाली,
आणि आता नातवंडं केकही आणतात.

मंगळवारी हॉरेस टिंडल आला.
जन्म १८९६, धान्यव्यापाऱ्याचा मुलगा,
गाण्यात बरा, ईप्रजवळ ठार, १९१७.
समासात एक पोस्टकार्ड चिकटवलेलं,
ग्रिम्सबीचा शिक्का, १९३६:

'महोदय, आपल्या नव्या पुस्तकात मी वारलो आहे.
तसं नाही. मी मासेमारीची जाळी विकतो.
जमल्यास दुरुस्ती करावी.
चॅपलमधल्या दगडावरचं नाव मात्र राहू द्या,
घासायला गेलात तर खालच्या टोल्सनचं खराब होईल,
आणि तो खरंच गेला. मी तिथे होतो.'

खाली पेन्सिलीने, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने: 'बघू.'

दुपारी पोळीचा रोल तसाच पिशवीत ठेवून
मी चॅपलमध्ये गेले.
टिंडल. त्याखाली टोल्सन.
दोघांत करंगळीसुद्धा मावणार नाही.
बोट फिरवलं तर धूळ लागली,
दोघांपैकी कुणाची ते सांगता येईना.
मागच्या बाकावर एक मुलगा बुटाची नाडी बांधत होता.
म्हणाला, मिस, तुम्ही नावं वाचता का?
हो म्हटलं.
माझं पण येणार का तिथे?
दगडावर नको रे, म्हटलं. वहीत येशील.
त्याला ते काही विशेष वाटलं नाही. पळाला.

खोलीत परत आले तोवर हीटर बंद पडलेला.
'ठार' हा शब्द मी काढला.
'जाळी विकत असे, ग्रिम्सबी' असं लिहिलं.
'पत्र आले होते', हेही लिहिलं.
'उत्तर दिले नाही' लिहून खोडलं, परत लिहिलं.
आता फक्त मृत्यूची तारीख.
ती चौकट रिकामी ठेवली
तर यंत्र पुढचं पान उघडत नाही,
आणि पुढच्या पानावर टोल्सन थांबलाय.

मी हात डोक्यावरून नेऊन
पलीकडच्या कानाला लावून पाहते.
मग टाकते:
एक जून.

यंत्र साल विचारतं.